नाव उचलू, आडनाव नको

नवा फोन घेतला आणि भाचीने जुन्यातले सगळे नंबर एका फाइलीतून त्यात ओतले. तेव्हापासून कुणालाही शोधलं की नुसतं नाव येत नाही, अख्खं कार्ड उघडतं. वर गोल, गोलात फोटो, फोटो नसेल तर पहिलं अक्षर. माझ्याकडे जिकडेतिकडे 'क'. काका, काकू, केबलवाला, कचरेवाला.

खाली रकाने: नाव, आडनाव, कंपनी, हुद्दा. आमच्या दूध मावशींचं नाव झालं दूध आणि आडनाव मावशी. कर्ज देणाऱ्या एका बाईंचा नंबर मी 'उचलू नको' म्हणून ठेवला होता. त्या आता श्रीमती उचलू नको.

"मामा, याला व्हीकार्ड म्हणतात," भाची म्हणाली. 1990 च्या दशकातला हा साचा. त्याच्या 2011 च्या 4.0 आवृत्तीत नाव सक्तीचं आहे, फोन नंबर मात्र ऐच्छिक! मुंबईत याच्या बरोब्बर उलटं. वीस वर्षं ज्याला फोन करतोय त्या प्लंबरचं नाव मला आजही ठाऊक नाही. तो 'काका प्लंबर'.

इथेच घात झाला. दादरला गाडीत चढताना (एक हात दांड्याला, दुसऱ्यात फोन) अ‍ॅपने विचारलं, ही दोन कार्डं एकाच माणसाची दिसतात, एकत्र करू? मागून धक्का आला आणि अंगठा 'हो'वर पडला. गिरगावचे काका आणि काका प्लंबर एकजीव झाले. फोटो गिरगावच्या काकांचा, पंच्याहत्तरीचा, शाल-श्रीफळासकट. वरचा नंबरही त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तोच लावला. "काका, रात्रभर थेंब थेंब चालू आहे. डोळ्याला डोळा नाही."

पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "तुलाही सुरू झालं? अरे, तुझं वय काय!"

पुढची वीस मिनिटं मी त्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला. कोणत्या तोंडाने सांगणार, की नळाचा वॉशर गेलाय?

दुपारी खरे काका प्लंबर आले. फोनवर शाल-श्रीफळ झळकल्यामुळे मी त्यांना आधीच वाकून नमस्कार करून बसलो होतो. निघताना त्यांच्या फोनमध्ये सहज डोकावलो. माझंही कार्ड होतं तिथे. नाव: गळका. आडनाव: तिसरा मजला.