ओस्लोचा पैसा, रामल्लाचा पगार

जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर सभा घ्यायला परवानगी मिळावी म्हणून माकप मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि वर सुनावलं, की आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का? कचरा, प्रदूषण, तुंबणारी गटारं यांवर बोला. (पुढे ऑगस्टमध्ये सभा झालीच, पण गाजली ती आधीची टिप्पणी.) आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी त्यावर शिक्काच मारला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." आणि मग नॉर्वेत राहणाऱ्या मला उद्देशून, "तुमचा नॉर्वे तर पॅलेस्टाइनला पैसे वाटत सुटलाय म्हणे. तुला चालतं का गं, तुझ्या करातून?"

काकांना वाटतं तसा नॉर्वे एका सुरात बोलत नाही. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत जवळपास २४ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आलेला प्रोग्रेस पार्टी हा पक्ष वर्षानुवर्षं हेच सांगत आलाय, की परदेशी मदत कापा, तो पैसा इथल्या म्हाताऱ्यांना आणि दवाखान्यांना द्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण एक टक्का मदतीवर खर्च करणाऱ्या, तेलाच्या पैशावर बसलेल्या देशात ही ओरड असेल, तर सांगली-सोलापुरात ती असणारच. तिला मी दोष देत नाही. फक्त तिच्यात हा पैसा तिथे नेमका कशाला लागतो, हे कुणी विचारत नाही.

१९९३ साली इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमध्ये ओस्लो करार झाला, तेव्हा पाच वर्षांची हंगामी व्यवस्था ठरली होती. देणगीदार देशांची समन्वय समिती त्याच वर्षी नेमली आणि तिचं अध्यक्षपद नॉर्वेकडे आलं. ते आजही नॉर्वेकडेच आहे. १९९४ च्या पॅरिसच्या आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरचं सीमाशुल्क आणि व्हॅट इस्रायल गोळा करतं, तीन टक्के हाताळणी खर्च कापून घेतं आणि उरलेलं दरमहा पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे वेस्ट बँकेच्या काही भागाचा कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्रशासनाला, द्यायचं असतं. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून बराच मोठा भाग हाच. म्हणजे शिक्षकांचा, नर्सचा पगार मुळात त्यांच्याच लोकांनी भरलेल्या करातून यायला हवा.

तो येत नाही. इस्रायली तुरुंगांतल्या कैद्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण भत्ते देत होतं म्हणून इस्रायलने २०१९ पासून कपात सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केल्यानंतर गाझाच्या वाट्याचे पैसे अडवले. २०२४ च्या सुरुवातीला तोडगा निघाला, की ते पैसे नॉर्वेने मध्यस्थ म्हणून सांभाळायचे. मे २०२५ पासून तर सगळाच प्रवाह बंद झाला. प्राधिकरणाचा कारभार चालतो त्या रामल्लातल्या कर्मचाऱ्यांच्या हातात अर्धामुर्धा पगार पडू लागला, शाळा आठवड्यातले काही दिवसच भरू लागल्या. एखाद्याचा पगार दुसऱ्यानेच उचलून ठेवावा आणि शेजाऱ्याने त्याला किराणा भरून द्यावा, अशी ही मदत आहे. किराणा देऊ नये असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच करत राहिलं, तर पगार अडवणाऱ्याचं काय बिघडतं?

प्राधिकरणही काही धुतल्या तांदळासारखं नाही. महमूद अब्बास २००५ साली निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही. पाठ्यपुस्तकांतल्या मजकुरावरून २०२० मध्ये नॉर्वेनेही शिक्षणाचा काही निधी रोखला होता.

तरी जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेने दाखवलेला कणा मला महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था उन्र्वा, तिच्या बारा कर्मचाऱ्यांवर ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील असल्याचा आरोप इस्रायलने केला, आणि अमेरिका, जर्मनीसकट अनेक देशांनी पैसे थांबवले. नॉर्वेने चौकशीची मागणी केली, पण फेब्रुवारीत २७.५ कोटी क्रोनर पाठवले. मे २०२४ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली. ऑगस्टमध्ये इस्रायलने प्राधिकरणाशी काम पाहणाऱ्या आठ नॉर्वेजियन अधिकाऱ्यांचा राजनैतिक दर्जा काढून घेतला.

आता दुसरी बाजू. दानधर्म या हाताचा त्या हाताला कळू नये म्हणतात, ते इथल्या लोकांनी फारच मनावर घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रातून उघड झालं, की इस्रायली लढाऊ विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या कंपनीत देशाच्या तेलनिधीची, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या पेन्शनची, गुंतवणूक होती. गदारोळ झाला, अकरा इस्रायली कंपन्यांमधले समभाग विकले. नोव्हेंबरमध्ये संसदेने नैतिक कारणांवरून कंपन्या वगळण्याची पद्धतच तात्पुरती थांबवली, कारण त्याच निकषांनी उद्या मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनही विकावे लागले असते. एवढा तोटा सोसायची तयारी नव्हती. २७.५ कोटी देणं सोपं होतं.

म्हणून काकांना मी लिहिलं, की तुमचा हिशेबच चुकतोय. मदत भारतही करतो. उन्र्वाला अलीकडे वर्षाला ५० लाख डॉलर, म्हणजे साधारण चाळीस कोटी रुपये गेले. पॅलेस्टाइनमधल्या बेत साहूर इथल्या रुग्णालयाचा करार २०१८ च्या पंतप्रधानांच्या रामल्ला दौऱ्यातला. एवढ्याने मुंबईतली गटारं तुंबत नाहीत.

पण खरा प्रश्न अडवलेल्या कराचा आहे. पॅलेस्टिनींचा हा कर अडवून धरणारे इस्रायलचे अर्थमंत्री म्हणजे बेझालेल स्मोट्रिच. जून २०२५ मध्ये नॉर्वेने ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसोबत त्यांच्यावर निर्बंध घातले. सप्टेंबरमध्ये तेच दिल्लीत आले आणि निर्मला सीतारामन यांच्यासोबत गुंतवणूक करारावर सही करून गेले. भारताचे दोन्हीकडे संबंध आहेत, रामल्लात आपलं प्रतिनिधी कार्यालय आहे. अडवलेल्या कराचा विषय त्या टेबलावर काढायला एक रुपयाही लागला नसता.

काकांचं उत्तर आलं, "हे कुठल्या बातमीत होतं?" बातमी होती. आमच्या ग्रुपवर तेव्हा भारत-पाकिस्तान सामना खेळावा की नाही, यावर खडाजंगी चालू होती.