तापमान स्थिर, म्हणून उष्णता शून्य?

परीक्षा जवळ आल्या की एक टिपण हातोहात फिरतं: ‘समतापी प्रक्रियेत तापमान बदलत नाही, म्हणून उष्णता शून्य. आदर्श वायू कार्य करतो ते आपल्या आंतरिक ऊर्जेतून. प्रसरण कसंही होवो, कार्याचं लॉगरिदमचं सूत्र तेच.’ तापमानाचं विधान सोडलं, तर यातलं काहीच बरोबर नाही.

‘म्हणून उष्णता शून्य.’ 0 अंश सेल्सिअसचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 334 ज्यूल उष्णता घेतो, तापमान मात्र तेच राहतं. उष्णता आत येण्यासाठी तापमान वाढलंच पाहिजे, असं मुळीच नाही.

‘कार्य आंतरिक ऊर्जेतून.’ खरा घोळ इथे आहे. आदर्श वायूच्या रेणूंमध्ये आकर्षण नसतं, त्यामुळे त्याची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. तापमान तेच, तर ऊर्जाही तीच. मग ती खर्च झाली कधी? 300 केल्विनवरचा एक मोल वायू अगदी सावकाश दुप्पट आकारमानाचा होऊ द्या. लॉगरिदमच्या सूत्राने कार्य 8.314 (वायू स्थिरांक) × 300 × 0.693 (2 चा नैसर्गिक लॉगरिदम), म्हणजे सुमारे 1729 ज्यूल, आणि तेवढीच उष्णता बाहेरून आत येते. ती अडवून पाहा: सिलिंडर उष्णतारोधक केला, तर तेवढ्याच सावकाश प्रसरणात एकअणुक (रेणूत एकच अणू असलेला) वायू 189 केल्विनपर्यंत गार होतो. आंतरिक ऊर्जेतून कार्य होतं ते असं, आणि ती प्रक्रिया समतापी उरत नाही.

‘सूत्र तेच.’ नाही. बाहेरचा दाब प्रत्येक क्षणी वायूच्या दाबाइतका असेल, तरच लॉगरिदम येतो. तोच दाब एकदम निम्मा करून तसाच ठेवला, तर कार्य 1247 ज्यूल. वायू निर्वातात सुटला तर शून्य. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ ज्यूलने 1845 मध्ये दाबलेली हवा रिकाम्या पात्रात सोडली, तेव्हा भोवतीच्या पाण्याच्या तापमानात फरक आढळला नाही. सुरुवात आणि शेवट तेच असूनही कार्य वेगळं, उष्णताही वेगळी. टिपणातली ‘उष्णता शून्य’ फक्त या शेवटच्या वाटेवर खरी ठरते, आणि तिथे कार्यही शून्यच असतं.

यावर हुशार विद्यार्थी विचारतात: सावकाश समतापी प्रसरणात सगळी उष्णता कार्यात गेली, मग उष्मागतिकीचा दुसरा नियम (पूर्ण चक्रात सगळी उष्णता कार्यात बदलता येत नाही) मोडला का? प्रश्न मोलाचा आहे. तो नियम पूर्ण चक्राबद्दल बोलतो, आणि इथे वायू अजून फुगलेलाच आहे. 300 केल्विनवरच तो परत दाबायला निदान 1729 ज्यूल लागतात. हाती काही उरत नाही. उष्णतारोधक प्रसरणाने तो आधी 200 केल्विनपर्यंत गार केला, तिथे दाबला आणि उष्णतारोधक दाबानेच परत 300 वर आणला, तर 200 केल्विनवरच्या दाबण्याला 1153 पुरतात. मधल्या दोन उष्णतारोधक टप्प्यांतली कार्यं एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे 576 ज्यूल उरतात: घेतलेल्या उष्णतेचा एक तृतीयांश. फ्रेंच अभियंता कार्नोच्या 1824 च्या विचारानुसार या दोन तापमानांमध्ये याहून मोठा वाटा कोणत्याही इंजिनाला मिळत नाही.