गोठे हलवून नाशिकचा डेंग्यू जाणार नाही

पावसाळा लागला की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: डास जनावरांच्या रक्तावर पोसतात. कोणता डास कोणाचं रक्त प्यायलाय हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून गोठा म्हणजे डेंग्यूचं घर समजा. शहरातले गोठे बाहेर हलवा, गोदाकाठची झाडी तोडा, डास आणि डेंग्यू दोन्ही जातील. खाली महापालिकेला निवेदन देण्याचं आवाहन असतं.

मखमलाबाद, आडगाव या बाजूला आजही दारात म्हैस आणि त्या म्हशीवर घरखर्च अशी कुटुंबं आहेत. त्यांना उठवा म्हणणाऱ्या मेसेजमधलं एकेक विधान तपासलंच पाहिजे.

"डास जनावरांच्या रक्तावर पोसतात." नर डास रक्ताला तोंडही लावत नाही. मादीचंही रोजचं पोट फुलांच्या आणि झाडांच्या गोड रसावर भरतं. रक्त तिला अंडी तयार करण्यासाठी लागतं. आणि ते कोणाचं, हे जातीनुसार बदलतं. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. युरॅनोटेनिया गटातल्या काही माद्या बेडकाच्या डरावण्याच्या दिशेने जातात आणि त्याचंच रक्त घेतात. याच गटातली फ्लोरिडातली एक जात गांडुळं आणि जळवा यांच्यावर जगते. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर चिखलात बसणाऱ्या माशांना चावणारे डास सापडले आहेत. टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा भला मोठा डास तर रक्त घेतच नाही, उलट त्याच्या अळ्या इतर डासांच्या अळ्या खातात. या सगळ्यांना एकाच नावाखाली घालून काढलेला निष्कर्ष पहिल्याच वाक्यात कोसळतो.

"कोणता डास कोणाचं रक्त प्यायला हे सांगता येत नाही." मेसेजमधलं सर्वांत चुकीचं वाक्य हेच, आणि बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. हे सांगता येतं, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लोक ते शोधत आले आहेत.

पोट भरलेली मादी लांब उडत नाही. भिंतीवर, गोठ्याच्या आढ्याला, झाडाच्या ढोलीत, मुळांच्या कपारीत ती रक्त पचवत बसून राहते. तिला नळीने अलगद ओढून घेतात. पोट लालभडक असेल तर रक्त ताजं. ते काळपट होत गेलं आणि मागून पांढरट अंडी दिसू लागली की फार उशीर झालेला असतो, कारण दोन-तीन दिवसांत रक्त पचून जातं. पोट टीपकागदावर चिरडून तो डाग वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. पूर्वी त्यात निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्ताविरुद्ध तयार केलेले प्रतिद्रव (अँटिसीरम) घालून कुठे साका धरतो ते पाहत. त्या पद्धतीत जवळच्या नात्यातले प्राणी, उदाहरणार्थ गाय आणि म्हैस, एकमेकांपासून नीट वेगळे करता येत नसत. पुढे रंग बदलावरून रक्त ओळखणारी एलायझा चाचणी आली, आणि गेली काही दशकं डीएनए तपासणारी पीसीआर. डागातल्या डीएनएमधला सायटोक्रोम बी नावाच्या जनुकाचा तुकडा वाढवायचा, त्याचा क्रम वाचायचा आणि ज्ञात प्राण्यांच्या क्रमांशी ताडून पाहायचा. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, माणूस, बगळा, बेडूक, सगळे वेगळे ओळखू येतात. एकाच पोटात दोन प्राण्यांचं रक्त असेल तर तेही कळतं.

खरी अडचण पुढेच आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याची दिशाभूल बहुधा तिथेच झाली असावी. डास कुठे पकडला यावर उत्तर फार अवलंबून असतं. मलेरियाच्या पाहणीत संध्याकाळी गोठ्यात डास शोधणं सोयीचं, कारण ते तिथे सहज मिळतात. पण गोठ्यात पकडलेल्या डासांच्या पोटात गुराचं रक्त निघणारच! त्यावरून त्या जातीची आवड ठरवणं चूक आहे. प्रकाशाचे सापळे लावले तर त्यात बहुतेक भुकेल्या माद्या येतात, त्यांची पोटं रिकामी. म्हणून घरं, गोठे, झाडी सगळीकडून नमुने घ्यावे लागतात आणि त्या परिसरात कोणते प्राणी किती आहेत तेही मोजावं लागतं. शंभर गुरं आणि दहा माणसं असलेल्या वाडीवर निम्म्या डासांत माणसाचं रक्त निघालं, तर तो डास माणसालाच शोधतोय असं म्हणता येतं. रानातले डास तपासताना आणखी एक पथ्य पाळावं लागतं: पकडणाऱ्याच्या हाताचा डीएनए नमुन्यात मिसळू द्यायचा नाही, नाहीतर प्रत्येक डास माणसाला चावलेला दिसेल.

"गोठा म्हणजे डेंग्यूचं घर." डेंग्यू पसरवणारा मुख्य डास ईडिस इजिप्ती. त्याच्या पोटातलं रक्त अनेक देशांत तपासलं गेलं आहे. थायलंडमधल्या अभ्यासांत तर बहुतांश माद्यांत माणसाचंच रक्त निघालं. ही जात मूळची आफ्रिकेतली. तिथल्या रानातले तिचे भाऊबंद आजही इतर प्राण्यांकडे जास्त ओढले जातात. मात्र माणसाच्या घरात स्थिरावलेल्या ईडिसमध्ये माणसाच्या अंगाचा वास टिपणारं एक ग्राहक (रिसेप्टर) जनुक जास्त संवेदनशील आणि जास्त सक्रिय असल्याचं 2014 साली दाखवलं गेलं. हा डास दिवसा चावतो, पलंगाखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसतो, कूलरच्या टाकीत, टायरमध्ये, गच्चीवरच्या उघड्या पिंपात अंडी घालतो. शहरात डेंग्यूचा विषाणू माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून माणसाकडे फिरतो. गाय-म्हैस त्या साखळीत नाही.

गोठ्याजवळच्या मलमूत्राच्या डबक्यात डास होतात हे खरं आहे. ते मुख्यतः क्युलेक्स, म्हणजे डेंग्यू न पसरवणारे. त्यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, पण त्यासाठी सांडपाणी वाहतं करावं लागतं. गुरांच्या पिण्याचा हौद मात्र दर आठवड्याला घासून कोरडा करायला हवा, कारण तिथे ईडिसही अंडी घालू शकतो.

"गुरं हलवली की डास संपतील." मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या वाक्याची, कारण अमलात आणलं तर ते उलटू शकतं. आपल्या ग्रामीण भागातला मलेरिया मुख्यतः ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस या डासामुळे होतो. देशातल्या मलेरियापैकी 60 ते 65 टक्के त्याच्यामुळे होतो असं मानलं जातं. आणि या डासाची पोटं तपासली तर बहुतेक ठिकाणी गुराचंच रक्त भरलेलं असतं, माणसाचं फार थोडं. संख्या प्रचंड असल्यामुळे तेवढं थोडंही मलेरिया पसरवायला पुरतं. उद्या गुरं काढून घेतली, तर हा डास काय करेल?

दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात (आजच्या गयानात) 1960च्या सुमारास याचं उत्तर मिळालं. डेमेरारा नदीच्या मुखाजवळ भातशेती वाढली, ट्रॅक्टर आले, गुरं कमी झाली. तोवर गुरांवर भागवणारा ॲनाफिलीस ॲक्वासॅलिस हा डास माणसाकडे वळला आणि मलेरिया हटवून पंधरा वर्षं होत आली असताना तो पुन्हा उसळला.

याचा अर्थ दारात गाय बांधली की संरक्षण मिळालं, असाही नाही. माणूस झोपतो त्याच छपराखाली गुरं बांधली तर त्यांच्या वासाने जास्त डास घरापर्यंत येतात. गोठा घरापासून थोडा लांब असावा. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांत तर गुरांच्या अंगाला डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक स्पंजने लावलं गेलं. तिथले मलेरियाचे डास गुरांवरच बसणारे होते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकाराचं प्रमाण 56 टक्क्यांनी घटलं. डास कोणाचं रक्त घेतो हे आधी माहीत होतं, म्हणून गुरालाच त्याचा सापळा करता आला.

"गोदाकाठची झाडी तोडा." ईडिस इजिप्ती घरात बसतो, झाडी तोडून तो हलत नाही. नदीतल्या पाणवेली काढायला हव्यात, कारण मॅन्सोनिया डासाच्या अळ्या त्यांच्या मुळांना चिकटून श्वास घेतात. पण मॅन्सोनिया डेंग्यू पसरवत नाही.

निवेदन द्यायचंच असेल तर त्यात गोठ्यांच्या जागी ही मागणी घाला: डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्याच्या आसपासच्या घरांत, बांधकामांवर आणि गोठ्यांत, तिन्ही ठिकाणी डास पकडा, जात ओळखा, पोट भरलेल्या माद्यांचं रक्त तपासून घ्या आणि निष्कर्ष प्रभागवार जाहीर करा. दूध घालणाऱ्या कुटुंबांना नोटीस काढायची की बांधकामावरच्या उघड्या टाक्यांना, ते त्यानंतर ठरवा.