‘एक मध्यमवर्गीय’ यांस उत्तर

‘एक मध्यमवर्गीय’, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, आई म्हणाली, सकाळी लिही. सकाळी पुन्हा वाचली. राग तेवढाच आला, म्हणून आता लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगलीचं आमचं घर सव्वा लाखात कसं नीटनेटकं केलं, हे मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की, घरात आयतं सागवानी कपाट आणि फुकट राबणारा भाऊ असल्यावर सव्वा लाखाचा हिशोब फसवा आहे. घरभर धूळ करून जुनी मोझेक फरशी पॉलिश करण्यापेक्षा व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या असत्या तर कटकट कायमची मिटली असती. आणि 1986 चं वायरिंग तसंच ठेवून भिंती रंगवणं हा उलटा कारभार आहे. इथवर ठीक. ज्याचं त्याचं मत. पण शेवटचं वाक्य असं: ‘भरल्या पोटी उपवासाचं कौतुक सांगू नका, ताई.’

त्यातलं ‘ताई’ विशेष लागलं. आधी टोचायचं आणि मग ताई म्हणायचं, म्हणजे समोरच्याला उलटून बोलायची सोय राहत नाही. बरं, स्वतःचं नाव द्यायची तयारी नाही. मी मात्र माझं घर, माझी फरशी, माझ्या मोरीचे फोटोसुद्धा नावानिशी टाकलेत.

माझं पोट भरलेलं आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? फोटोतला ‘प्रशस्त दिवाणखाना’ पाहून? तेवढं एक तुमचं मान्य करते. मोबाइलच्या वाइड लेन्समुळे खोली आहे त्याहून बरीच मोठी दिसतेय. ती बारा बाय दहाची आहे. आज फोटोखाली माप टाकलंय, बघून घ्या.

आता पोटाचं. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. घर बांधलं ते पतसंस्थेच्या कर्जावर, आणि पैसे संपल्यामुळे बाहेरच्या भिंतींचा गिलावा बरीच वर्षं राहूनच गेला. पाहुणे यायचे ते आधी उघड्या विटांकडे बघायचे, मग आईकडे. ज्या कपाटाला तुम्ही ‘आयतं’ म्हणता, त्याचं लाकूड गावभागातला एक वाडा उतरवला तेव्हाचं आहे. तिथल्या तुळया, दारं, कडीपाटाच्या फळ्या घनफुटावर विकायला काढल्या होत्या. वडिलांनी त्यातलं जमेल तेवढं घेतलं, पैसे हप्त्याहप्त्यानं दिले, आणि सुतार अंगणात बसवून कपाट करून घेतलं. कपाट भिंतीपासून सरकवलं की मागच्या फळ्यांवर जुन्या खिळ्यांची भोकं आणि चुन्याचे डाग अजून दिसतात. याला तुम्ही आयतं म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि ऑगस्ट 2019. तुम्ही पुण्याचे की मुंबईचे मला माहीत नाही, सांगलीचे असता तर हे सांगावं लागलं नसतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोल्यांत ते कमरेच्या वर होतं. ओसरल्यावर आम्ही फावड्यानं चिखल काढला. कमर्शियल प्लायचं शोकेस फुगून त्याचे थर सुटले होते. पार्टिकल बोर्डचं टेबल उचलायला गेलो तर कडा हातात आल्या. गाद्यांचं तर विचारूच नका. कपाट तेवढं सावलीत वाळवलं, दारं अडकायला लागली तिथं रंधा मारला, आणि ते आजतागायत उभं आहे. मोझेक घासून धुतली, की झालं. तळघरापासून गच्चीपर्यंत सगळं मॉड्युलर करा असं सांगणारे तेव्हा कुणी फावडं घेऊन आले नव्हते. ओट्याखाली मी प्लायच्या पेट्या न करता कडप्प्याचे कप्पे ठेवले, पुढे नुसती दारं लावली, तेही याच कारणानं. यात कसली हौस आणि कसलं उपवासाचं कौतुक?

मोझेकबद्दल तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलंय, म्हणून विचारते, तुम्ही कधी पॉलिश करून घेतलंय का? ‘घरभर धूळ’ असं जो लिहितो त्यानं ते मशीन पाहिलेलं नसतं. काम पाणी मारत चालतं. आधी जाड दगड, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात. धूळ होत नाही, राडा होतो. राखाडी, चिकट, भिंतीवर हातभर उडणारा राडा. म्हणूनच रंगाच्या आधी फरशी. (तो राडा मोरीत सोडू नका, त्यात सिमेंट असतं, पाइप कायमचा तुंबतो. आम्ही बादल्यांनी बाहेर टाकला.) आणि ‘नुसती वरून टाइल चिकटवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी पुढचं सांगावं: जमीन वर येते, मग प्रत्येक दार उतरवून खालून कापायचं, मोरीचा उंबरा खाली पडतो, ओटा बुटका होतो. जुनी उखडून बसवायची तर डबर बाहेर नेण्याचा खर्च वेगळा. आमच्या फरशीला पॉलिशसाठी 23 हजार लागले. पुन्हा करावं लागेल हे मला ठाऊक आहे. करू.

सव्वा लाखातली सर्वांत मोठी रक्कम, 47 हजार, कशावर गेली हे तुम्ही वाचलंत तरी का? गच्चीवर. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, काढून नवा केला. तो एकाही फोटोत नाही, कारण पायाखालच्या कोब्याला कुणी लाइक देत नाही. त्याच्याशिवाय खालचा कुठलाही रंग पोपडे धरून पडला असता. रंग आम्ही दिवाळीआधी न काढता मार्चमध्ये काढला. पावसाळ्यात प्यालेली भिंत नवरात्रात वाळलेली नसते, वर पुट्टी आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, बाहेर फुटतो. शिवाय दिवाळीच्या तोंडावर रंगारी मागेल तो भाव द्यावा लागतो. भरल्या पोटाची माणसं मार्चपर्यंत पोपडे बघत बसत नाहीत, लगेच काँट्रॅक्टरला बोलावतात.

भावाला तुमची ओळ दाखवली. तो हसला, मला हसू आलं नाही. त्यानं रविवारी बसून कपाटाला चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) पॉलिश केलं, स्पिरिटच्या वासानं डोकं धरलं तरी केलं. घरच्या माणसाची मजुरी हिशोबात मांडायची तर ती कुणाच्या खिशातून काढून कुणाच्या खिशात घालायची? हा मुद्दा मला खरंच कळला नाही आणि त्यावर जास्त लिहायची इच्छाही नाही.

वायरिंगचं म्हणाल तर लेख सजावटीवर होता. पुरानंतर खालचे सॉकेट वर घेतलेत, बाकीचं इलेक्ट्रिशियन बघून गेलाय. होईल तेव्हा होईल.

शेवटी तुम्ही ‘शुभेच्छा’ही लिहिल्यात. पोचल्या. पुढच्या वेळी नावासकट लिहिलंत तर बरं, नाहीतर प्रतिक्रिया उडवली जाईल. मतभेदाला ना नाही, खवचटपणाला आहे.

आणि पडद्यांच्या कापडाबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना: ते इचलकरंजीचं सुती आहे, ताग्यातून कापून घेतलं. शिवायला टाकण्याआधी एकदा भिजवून वाळवा, आटतं. आमचा पहिला पडदा खिडकीला चार बोटं कमी पडलाय, तो आता आतल्या खोलीत लावलाय.