पाचला नळ येतो

आज डोकं सटकलंय म्हणून लिहितोय, कोणाला लागलं तर लागू दे.

आमच्या संस्थेला पैसे देणाऱ्या एका कंपनीचे पाहुणे येणारेत, व्हिडिओ काढायचाय, तर मेसेज काय, "मुलींची फुटबॉल प्रॅक्टिस पाचला घ्या ना, तेव्हा लाइट छान असतो." लाइट छान असतो! अहो, पाचला आमच्या वस्तीत नळ येतो.

आता ही अक्कल मला तरी कुठे होती म्हणा. दोन वर्षांपूर्वी आमची एक डिफेंडर, सातवीतली, अशी आडवी यायची की मोठे पोट्टे पण बिचकायचे, ती अचानक दांड्या मारायला लागली. मी झापलं तिला, सगळ्यांसमोर. सिरियस नाहीस, दुसरीची जागा अडवू नको, असलं काय काय. ती गप्प. बाजूची चिमुरडी बोलली, "दादा, पाचले नळ येते ना. तिची माय कामावर असते." म्हणजे रजिस्टरमध्ये मी नऊ वेळा 'गैरहजर' लिहिलं आणि नवाच्या नऊ वेळा ती मैदानाच्या भिंतीपलीकडे पाण्याचा गुंड घेऊन लायनीत उभी होती, आमच्या शिट्ट्या ऐकत.

तेव्हापासून प्रॅक्टिस साडेसहाला.

आपल्या नागपूरचंच बघा. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं ते कशावरून, तर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं दिसली म्हणून. पोरं आधीच खेळत होती हो! आधी पोरं दिसली, मग स्पर्धा. आणि आम्ही? आधी एक्सेल शीट, मग पोरं, आणि आता तर आधी कॅमेरा.

हो, मान्य, बॉल, बिब्स, माझा पगारसुद्धा त्याच पैशातून येतो. पण २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के अशा कामांवर खर्चावेच लागतात, तेव्हा उपकाराची भाषा नको. जाऊ दे.

साडेसहाचं पण सोपं नाहीये. थंडीत मिट्ट काळोख, बॉल दिसत नाही, घरचे कुरकुरतात, मग मी आणि आमची ताई एकेकीला दारापर्यंत सोडून येतो. त्या डिफेंडरचं घर शेवटचं. तिला बूट घेऊन दिले, कॅप्टन केलं, रोज तिच्या दारापर्यंत जातो, पण त्या दिवसाचं सॉरी अजून म्हटलेलं नाही. जीभच रेटत नाही.

मेसेजला उत्तर दिलंय, प्रॅक्टिस साडेसहालाच. ब्लू टिक आलीये, रिप्लाय नाही.

दोन हॅलोजन हवेत मैदानाला. कोणाच्या ओळखीत इलेक्ट्रिशियन असेल तर इनबॉक्स करा. फोटो मात्र मिळणार नाही.