बायबलवर हात नव्हता, म्हणून व्हिसा बाद?

आमच्या घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तीन नातेवाइकांनी टाकला, तोवर मी गप्प होतो. मग मुलुंडहून मावशीचा फोन आला: ‘अरे, हिची बीकेसीची तारीख पुढे ढकलू का?’ मावसबहीण न्यू जर्सीला नोकरी करते, लग्नासाठी आली आहे आणि परत जाण्याआधी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग व्हायचंय. आता मात्र बोलायलाच हवं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना बायबलवर हात ठेवला नाही, म्हणून शपथ बेकायदा. घाबरून सोहळा इतिहासात प्रथमच छपराखाली केला. शपथ बारा वाजून गेल्यावर झाली, म्हणजे मधे काही मिनिटं अमेरिकेला अध्यक्षच नव्हता. आणि पुन्हा शपथ होईपर्यंत दिलेला व्हिसा चालणार नाही, तारखा पुढे घ्या. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आणि हात जोडलेले इमोजी.

व्हिसापासूनच सुरू करतो, कारण माणसाचं नुकसान तिथे होतंय. व्हिसा अध्यक्ष देत नाही. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याखाली तो वकिलातीतला कॉन्सुलर अधिकारी देतो. बीकेसीत खिडकीपलीकडे बसलेल्या त्या अधिकाऱ्याचा अधिकार अध्यक्षाचा हात कुठे होता यावर ठरत नाही. तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही. एच-१बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, २०५ डॉलर फी भरलेली, ती परत मिळत नाही. वर रजा संपते, तिकीट वाया जातं, तिकडचा मॅनेजर विचारतो ते वेगळंच. ट्रम्प आल्यावर व्हिसाचे नियम कडक होतील ही धास्ती खोटी नाही, मान्य. पण ते सही केलेल्या आदेशांनी होतील. उलट ती भीती असेल तर तारीख पुढे ढकलणं हा शुद्ध वेडेपणा.

आता बायबल. फोटो खरा आहे, तेवढं द्यावंच लागेल. पत्नी मेलानिया दोन बायबलं धरून शेजारी उभ्या होत्या, एक लिंकनचं, एक ट्रम्पना आईने दिलेलं, आणि ट्रम्प यांचा डावा हात खालीच राहिला. पण शपथ कशी घ्यायची हे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातच लिहून ठेवलंय. इंग्रजीत मोजून ३५ शब्द. त्यात बायबल नाही, देवाचं नावही नाही. ‘शपथ घेतो’ किंवा ‘प्रतिज्ञा करतो’, हवं ते म्हणा. वर सहावा अनुच्छेद सांगतो की सरकारी पदासाठी कुठलीही धार्मिक अट घालता येणार नाही. हात ठेवणं ही प्रथा आहे, आणि ती मोडणारे ट्रम्प पहिले नव्हेत. १८२५ मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लींच्या हत्येनंतर थिओडोर रूझवेल्ट यांनी बफेलोत एका मित्राच्या घरी घेतली, बायबलाशिवाय. रूझवेल्टची पहिली साडेतीन वर्षं रद्द करायची का मग?

आपल्याकडे हे चटकन खरं वाटतं, कारण सिनेमातल्या कोर्टाने गीतेवर हात डोक्यात बसवलाय. डिसेंबर २०२४ मध्ये आझाद मैदानावर फडणवीसांनी शपथ घेतली, ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. हात कुठल्या ग्रंथावर होता?

फॉरवर्डमध्ये एक ‘पुरावा’ही आहे: ट्रम्पना शपथ देणाऱ्या याच सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना २००९ मध्ये ओबामांची शपथ पुन्हा द्यावी लागली होती. दिली होती, खरंय. पहिल्या वेळी रॉबर्ट्सनी शब्द मागेपुढे केले, म्हणून खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये परत घेतली. गंमत अशी की त्या दुसऱ्या वेळी बायबल नव्हतंच! चूक शब्दांची होती, शब्द दुरुस्त केले, विषय संपला. ज्याने हा पुरावा जोडला त्याने तो वाचलेला दिसत नाही.

सोहळा आत होणं प्रथमच? १९८५ मध्ये रेगन यांची दुसरी शपथ कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसद भवनाच्या, त्याच रोटंडात (घुमटाखालच्या दालनात) झाली, बाहेर उणे १४ अंश होतं. या वेळीही कारण थंडीच सांगितलं गेलं. गर्दी कमी दिसेल अशी भीती मनात होती का, ते ट्रम्प जाणोत.

बारा वाजल्याचा मुद्दा तर अगदीच फुसका. विसाव्या घटनादुरुस्तीनुसार जुन्या अध्यक्षाची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराला संपते आणि नव्याची त्याच क्षणी सुरू होते. कारभार हाती घेण्याआधी शपथ लागते, पण खुर्ची रिकामी राहत नाही. आपले राष्ट्रपती पदग्रहण करतात त्या तारखेपासून त्यांची पाच वर्षं मोजतात, अमेरिकेत घड्याळ ठरवतं.

आणि ग्रुपवर काकांनी टाकलेलं ‘दुसऱ्यांदा निवडून आलाय ना, जुनी शपथ चालते’, तेही नाही, काका. प्रत्येक टर्मला नवी शपथ लागते. ओबामांच्या दुसऱ्या वेळी २० जानेवारीला रविवार आला, म्हणून त्या दिवशी घरातल्या घरात आणि सोमवारी लोकांसमोर. २००९ च्या दोन धरून दोन टर्ममध्ये चार वेळा घेतली त्यांनी.