खिडकीतून टाकलेला रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या ज्याला येते, त्याला विंडोजचे शॉर्टकट वेगळे शिकवावे लागत नाहीत. नावातसुद्धा खिडक्याच आहेत. प्रोग्रॅम चालू झाला की सिस्टिमला सांगतो, "कंट्रोल-ऑल्ट-एस माझं." आधी कुणी रुमाल टाकला नसेल तर जागा मिळते. टाकला असेल तर सिस्टिम त्याच्या कानात १४०९ क्रमांकाची चूक सांगते, म्हणजे 'जागा गेली'. पुष्कळ प्रोग्रॅम ती चूक गिळून गप्प बसतात. आपल्याला काय कळतं? काही नाही. आपण बटणं दाबत राहतो. काल चाललेला शॉर्टकट आज अचानक का बंद पडतो, याचं कारण बहुधा एवढंच असतं की आज स्क्रीनशॉटवाला प्रोग्रॅम दोन सेकंद आधी गाडीत चढला.

रुमालवाल्यांच्याही पुढे दारात उभी राहणारी मंडळी असतात. ऑटोहॉटकी, पॉवरटॉइज यांच्यासारखे, बटणांची कामं बदलून देणारे प्रोग्रॅम कीबोर्डला आकडा लावून बसतात. दाबलेलं बटण आधी त्यांच्या हातून जातं, मग रुमालवाल्यांकडे, आणि कुणालाच नको असेल तर शेवटी ज्याच्यासाठी आपण ते दाबलं त्या बिचाऱ्या वर्डकडे.

आणि वर्डचा भाबडेपणा पाहा. त्यात स्वतःचा शॉर्टकट बसवायचा तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, तिथं खाली कीबोर्ड शॉर्टकट्सपुढचं 'कस्टमाइझ'. बटणांची नवी जोडी दाबली की तो ठामपणे सांगतो, 'अनअसाइन्ड', कुणाचंही नाही. पण त्यानं विचारलेलं असतं फक्त स्वतःच्या घरात! वाड्यात आणखी बिऱ्हाडं आहेत हे त्याच्या गावीही नसतं. 'अनअसाइन्ड' म्हणजे 'मोकळं' असं समजणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण तो शब्द तिथं लिहिणाऱ्यालाही तसंच वाटलं असणार.

काही जागा मात्र राखीवच. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तिकडी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१च्या पीसीसाठी बसवली, ती मशीन पुन्हा चालू करायला. पुढे विंडोजनं ती स्वतःकडे ठेवली. साधा प्रोग्रॅम तिला अडवू शकत नाही, त्यामुळे पासवर्ड चोरायला बसलेला खोटा लॉगिन पडदा तिच्यापुढे उघडा पडतो. मशीनला कुलूप लावणाऱ्या विंडोज-एलचंही तसंच. पॉवरटॉइजसुद्धा या दोन्हींपुढे हात टेकतं. तिथं रुमाल टाकून उगाच रुमाल घालवू नये.

खरी गंमत रुपयाची. वर्डमध्ये पहिल्या तीन पातळ्यांच्या शीर्षकांना कंट्रोल-ऑल्ट-१, २ आणि ३ आयतेच मिळतात. मग सरळमार्गी माणूस चौथ्या पातळीला काय देईल? कंट्रोल-ऑल्ट-४. इथेच घात होतो. 'इंग्लिश (इंडिया)' या कीबोर्डवर उजवं ऑल्ट हे नुसतं ऑल्ट नसतं, ते ऑल्ट-जीआर असतं, आणि ऑल्ट-जीआर-४ दाबलं की ₹ उमटतो. विंडोजच्या लेखी ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबलेले. दोघांत फरक करायचं काम वर्ड करत नाही. त्यामुळे इंग्रजीत बिल लिहिताना थकबाकीच्या आकड्याआधी ₹ दाबला की रुपया येतच नाही, उलट अख्खी ओळ चौथ्या पातळीचं शीर्षक होते. देणेकऱ्याला याहून सोयीचं काय! पोलंडची माणसं तर आपली अर्धी बाराखडी उजव्या ऑल्टनं टाइप करतात. कंट्रोल-ऑल्टला अक्षर जोडून शॉर्टकट करणाऱ्यांविषयी त्यांचं मत मराठीत छापण्यासारखं नसावं.

यावर जाणकार सांगतात, चौथ्या शीर्षकाला वेगळा शॉर्टकट हवा कशाला, ऑल्ट-शिफ्ट-उजवा बाण दाबा, तिसऱ्याचं चौथं होईल. खरं आहे, होतं. पण डावं ऑल्ट आणि शिफ्ट दाबून, बाण न दाबताच बोटं उचलली की विंडोज टाइप करायची भाषा बदलतं. दोन कीबोर्ड बसवलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला हे रोजचं. मान खाली घालून 'पुणे' इंग्रजीत लिहायचं आणि वर पाहिलं तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये 'जहला'. मुंबईचं 'सहसवोग'. पासवर्डच्या खान्यात तर नुसते ठिपकेच दिसतात, तिथं जहला की पुणे हे तिसऱ्यांदा चुकल्यावर लक्षात येतं.

हा काटा मात्र काढता येतो. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. जुन्या वळणाची एक छोटी चौकट उघडते. 'चेंज की सीक्वेन्स' दाबून डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही ठिकाणी 'नॉट असाइन्ड' निवडा. एकाच बाजूला निवडलंत तर दुसरी जोडी मागच्या दारानं तेच उद्योग करू शकते. भाषा बदलायला विंडोज-स्पेस उरतंच, आणि ते चुकून दाबलं जाणं कठीण.

रुमाल कुणाचा हे शोधायचं असेल तर हॉटकी डिटेक्टिव्ह नावाचं छोटं हत्यार आहे. ते चालू ठेवून जोडी दाबली की मालकाचं नाव दाखवतं. त्याआधी डेस्कटॉपवरच्या जुन्या आयकॉनांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' हा रकाना पाहून घ्यावा. कधीकाळी कॅलक्युलेटरला दिलेलं कंट्रोल-ऑल्ट-सी तिथं निवांत झोपलेलं सापडतं.

हुशार लोक म्हणतात, चारही एकदम दाबा: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, विंडोज. इतकं वेडंवाकडं कोण दाबणार? विंडोजनं तेही ऑफिससाठी धरून ठेवलंय. त्यात एल मिळवला की लिंक्डइन उघडतं. कुणी मागितलं होतं?

उरल्या एफ१३ ते एफ२४. आयबीएमच्या १२२ बटणांच्या जुन्या कीबोर्डांवर त्या होत्या, आता सहसा दिसत नाहीत. पण विंडोज त्यांना अजून ओळखतं. पॉवरटॉइजमध्ये कॅप्स लॉकला एफ१३ करा आणि निर्धास्त व्हा, असं मी बेधडक सांगत असे. मग २०२४मध्ये कीबोर्डांवर कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं बटण आलं. ते दाबलं की आत जातं विंडोज-शिफ्ट-एफ२३. म्हणजे मागच्या रांगेतही रुमाल पडला.

एफ२४ अजून मोकळी दिसते. कुणाला सांगू नका.